मास्तर दहा मिनिटं आधी येतात

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली वीस वर्षं जादाचा ब्रेक. चाक शिकाऊ माणसाच्या हातात, पण थांबवायचं कधी ते मास्तर ठरवणार. घरातही तीच तऱ्हा. बायकोनं तोंड उघडलं की ह्यांनी दाबलंच म्हणून समजा. शेवटी ती बहिणीकडे निघून गेली आणि तिथून निरोप धाडला, "समुपदेशनाला सहा बुधवार येईन. नाही जमलं तर परत येणार नाही."

मास्तर लगेच तयार. सुधारायला कसले जातायत! पंच फोडायला निघाले होते.

समुपदेशक मॅडम स्तुतीला हपापलेल्या आहेत, हे पहिल्याच भेटीत त्यांनी ताडलं. दुसऱ्या बुधवारपासून स्वारी दहा मिनिटं आधी हजर, तोंड कसं तर चार दिवस उपाशी असल्यासारखं.

"तुमच्याशी बोललं की छाती हलकी होते बघा, मॅडम."

दोघं समोर असल्याशिवाय एकट्याचं ऐकायचं नाही, हा मॅडमचा स्वतःचाच नियम. पण गुळाचा खडा दिसल्यावर मुंगळ्याला कसला नियम? "बसा, त्या येईपर्यंत," म्हणायच्या आणि कान पुढे करायच्या. मास्तर आवाज खाली आणत, "तिला कळू देऊ नका हं." मॅडमची मान डुलायची. मागच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं टांगलेली, अक्कल मात्र गहाण पडलेली.

पाचव्या बुधवारी बायको सांगत होती, "मला बोलू द्या, एवढंच म्हणणं आहे. मी भांडून नाही गेले, गुदमरून गेले."

मॅडम समजूतदार हसल्या. "पण तुमची आईसुद्धा अशीच घर सोडून गेली होती ना?"

आईचं दुःख बायकोनं जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी, रडत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले.

"हे कधी सांगितलंत यांना?"

"अहो, आत्ता तो विषय नाही..." मॅडम मध्ये पडल्या.

"तोच आहे, मॅडम." तिनं पिशवी उचलली. "तुमचं दोघांचं छान जुळलंय. मी मध्ये कशाला?"

सहाव्या बुधवारी ती आली नाही. बहिणीनं फोनवर दोन शब्दांत मिटवलं, "संपलं आता."

मास्तर मात्र वेळेच्या आधीच खुर्चीत. "बघा मॅडम, म्हणत नव्हतो? पहिल्यापासून हेकट."

मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "आता कुठे तुम्ही मोकळे होताय."