बायकोचा झूम

मला डीएसएलआरच घ्यायचा होता. तो गळ्यात अडकवून वेरूळला गेलं, की वॉचमनसुद्धा सलाम ठोकतो अशी माझी पक्की समजूत होती. बायकोनं मात्र लांबच लांब झूमवाला छोटा कॅमेरा धरून ठेवला.

"त्या डबीनं फोटो काढायचे?" मी दुकानातच तडकलो. "डीएसएलआरमध्ये माणूस ठसठशीत येतो, मागचं सगळं धूसर होतं!"

"मला लांबचं बघायचंय," एवढंच ती म्हणाली. डबी घरी आली.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमची कॉलनी शहराच्या पार टोकाला, इतकी नवी की नळ बसले होते, पाणी पोचलं नव्हतं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कॅमेरा घेऊन गच्चीवर गेली, बायपासच्या वळणावर झूम लावला आणि ओरडली, "ड्रायव्हरचा चहा झाला! पाइप काढा!"

आठवडाभरात गल्लीतल्या सगळ्या बायका तिला विचारूनच आंघोळी ठरवायला लागल्या. मी वेरूळचं नाव काढलं की ती म्हणायची, "आणि तेवढ्यात टँकर आला तर?"

कॅमेरा माझ्या हाती लागला तो थेट पावसाळ्यात. आत नुसते टँकर. एकाच फोटोत माणूस होता: बनियनवर, पाइपासाठी शेजाऱ्याशी भांडणारा मी. अगदी ठसठशीत. मागचं मात्र काहीच धूसर नव्हतं. अख्खी गल्ली हसताना स्वच्छ दिसत होती.