झीरो बघा

पेट्रोलचा एक थेंबही न सांडता गाडीची टाकी भरू शकणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. कोणाचा आक्षेप असेल त्याने शर्यतीच्या रविवारी वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याच्या मातीच्या ट्रॅकवर यावं, आपला कॅन आपण आणावा आणि काकांसमोर ओतून दाखवावं. आजवर जे आले ते पँट धुवायला घरी गेले. मी स्वतः पेट्रोलच्या विरोधात आहे. सायकलने फिरते, मंडईबाहेर उभी राहून पत्रकं वाटते, सिग्नलला इंजिन चालू ठेवून मोबाइल बघणाऱ्याला तोंडावर विचारते की हा धूर घरच्या बेडरूममध्ये सोडाल का. तरीही दर शर्यतीला मी या माणसाशेजारी उभी असते. या शहरात खड्ड्यात डांबरापासून नदीत सांडपाण्यापर्यंत सगळं इतक्या बेफिकिरीने ओतलं जातं, की काळजीने ओतणारा एक माणूस दिसला तरी तो मला आमच्याच चळवळीतला वाटतो. काका मात्र मला चळवळीतला माणूस समजत नाहीत, ते मला चळवळच समजतात. मी दारात दिसले की ते आतल्या आत्याला ओरडून सांगतात, "अहो, आंदोलन आलंय. चहा टाका."

काका बिबवेवाडीत होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. म्हणजे थेंब हाच त्यांचा धंदा. काचेच्या छोट्या बाटलीत पांढऱ्या गोळ्या, त्यावर औषधाचे मोजके थेंब, बूच लावून हलवायचं, झालं. एक थेंब जास्त पडला तर ते अख्खी बाटली फेकून देतात आणि पेशंटकडे असं बघतात की जणू तो थेंब पेशंटनेच ढकलला. घरात ओल्या बशीतला चहा ते पीत नाहीत. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, ईराला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण मुलाच्या वडिलांनी चहा बशीत सांडला आणि वर हसून म्हणाले, "चालतं हो!" ते लोक जिना उतरले तोच काकांनी निकाल दिला, "चालतं म्हणणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही." ईराने त्या दिवशी वडिलांना मिठी मारली. कारण तिला मुलगा नको होता, मोटरसायकल हवी होती.

ती मोटरसायकल आली, ईरा शर्यतीत उतरली आणि काकांच्या आयुष्याला अर्थ आला. शर्यतीच्या गाडीत पेट्रोल थोडंच भरतात, वजन नको म्हणून. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधे पुन्हा ओतावं लागतं, तेही घाईत, तापलेल्या इंजिनाच्या बरोबर वर. बाकीची मंडळी पाण्याची बाटली मधोमध कापून तिचं नरसाळं करतात आणि देवाचं नाव घेऊन ओततात. अर्धं टाकीत, अर्धं इंजिनावर. एकदा शेजारचा एक धडधाकट तरुण असा ओतत असताना काका जवळ जाऊन ओंजळ पुढे करून उभे राहिले. तो म्हणाला, "काय हवंय काका?" काका म्हणाले, "काही नाही. तीर्थ वाटताय असं वाटलं." पुढच्या वर्षी ट्रॅकवाल्यांनी नियमच केला की पेट्रोल सांडलं तर गाडी त्या शर्यतीतून बाहेर. हा नियम आपल्यामुळे झाला, असं काका सांगतात. ट्रॅकवाले सांगतात की डॉक्टरांनी बोलणं थांबवावं म्हणून झाला.

काकांची पद्धत अशी. आधी गाडी स्टँडवर सरळ उभी करायची आणि इंजिनाला निवायला वेळ द्यायचा. आग विझवायचा लाल सिलिंडर शेजारी. आसपास कोणी सिगारेट पेटवली तर काका त्याला त्याच्या आईवडिलांच्या तब्येतीबद्दल इतक्या आस्थेने विचारतात की तो ती आपणहून विझवतो. कॅनला दोन नळ्या. एक जाड, पेट्रोल खाली उतरायला, आणि एक बारीक, हवा आत जायला. ही बारीक नळी काकांचा अभिमान आहे. "कॅनला श्वास घेऊ द्या," ते म्हणतात, "म्हणजे तो ओकत नाही." आणि खरंच, बाकीच्यांचे कॅन गडगड करत उचक्या देत असतात तेव्हा काकांच्या कॅनमधून पेट्रोल आवाज न करता उतरतं. शेवटी नळी बाहेर काढायची घाई नाही. "थांब, अजून रडतंय ते," म्हणत तिचे डोळे कोरडे होईपर्यंत उभं राहायचं. हेच ते पंपावरही करतात, मागच्या रांगेने कितीही हॉर्न वाजवले तरी. पंपावरचं एक वाक्य मात्र त्यांनी उचलून आणलंय. तिथली पोरं मीटर शून्यावर आहे हे दाखवायला म्हणतात, "झीरो बघा." काकांच्या कॅनला मीटर नाही, तरी ओतून झालं की ते ईराकडे वळून गंभीरपणे म्हणतात, "झीरो बघा." म्हणजे सांडलेलं शून्य.

आणि पुरावा म्हणून काय, तर माझं पत्रक! आमच्या पत्रकाचा कागद स्वस्तातला, टिपकागदासारखा शोषून घेणारा. काकांनी त्याला मधोमध गोल भोक पाडून टाकीच्या तोंडाभोवती कॉलरसारखं बसवायला सुरुवात केली. एक थेंब पडला तरी ओला डाग दिसणार. मी भडकले. भोक नेमकं 'पेट्रोलमुक्त पुणे' मधल्या 'पेट्रोल'वर पडत होतं. काका म्हणाले, "अगं, बघ तरी. 'मुक्त पुणे' राहिलं. आणखी काय हवंय तुला?"

यंदा उन्हाळ्यात आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच एक बाटली दाखवली. गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या. "हल्ली रोज लाडू वळतात," ती म्हणाली. "हात थरथरतो त्यांचा. बोलायचं नाही म्हणतात." ईरालाही माहीत होतं. रविवारी राज्याची शर्यत, एक डाग पडला की वर्षाची मेहनत संपली. आणि कॅन मागितला तर बाबा संपले. "तू सांग ना," ती मला म्हणाली, "तू तर सगळ्यांना सगळं तोंडावर सांगतेस."

मी ठरवून गेले होते. खरं ते खरं, पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा समोर बोलावं, वगैरे. दुपारची दुसरी फेरी जवळ आली. काकांनी गाडी स्टँडवर घेतली, कॉलर बसवली, कॅन उचलला आणि नळी टाकीच्या तोंडाशी नेली. नळीचं टोक कडेवर टकटक वाजायला लागलं. पेट्रोल अजून सोडलं नव्हतं. ईरा हेल्मेट घालून समोर उभी, काच खाली केलेली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांनी कॅन माझ्यापुढे धरला.

"घे."

"मी? काका, माझा पेट्रोलला विरोध आहे."

"म्हणूनच. ज्याला पेट्रोल आवडतं तो सांडतो. तुला एक थेंब अंगावर नकोय. तूच ओतशील नीट."

आयुष्यात पहिल्यांदा मी पेट्रोल ओतलं. काका कानाशी, "श्वास घेऊ दे त्याला... तूही घे." कॅन शांतपणे रिकामा होत गेला. "थांब, अजून रडतंय." मी थांबले. मग त्यांनी कॉलर हलकेच काढली आणि उन्हाकडे धरून पुढून-मागून तपासली. पत्रक त्यांच्या हातात सारखं फडफडत होतं. कोरडं होतं.

"ईरा, झीरो बघा," काका म्हणाले. हेल्मेट हललं. गाडी सुरू झाली आणि ती रांगेकडे निघून गेली.

काका पत्रकाकडेच बघत राहिले. ते अजून फडफडत होतं. "वारा फार आहे आज," ते म्हणाले.

ट्रॅकच्या कडेची झेंडी निपचित लोंबत होती.

"हो काका," मी म्हटलं, "फारच आहे."