डब्यातला जावई

माझ्या पत्नीच्या मामांइतका फुटक्या वस्तूंवर जीव टाकणारा माणूस साऱ्या माळव्यात झाला नसेल. धड वस्तू पाहिली की ते उदास होत. तडा दिसला की त्यांचा चेहरा उजळे. देवासला आमच्याकडे आले की चहा घेण्यापूर्वी कप फिरवून पाहत, आणि तो शाबूत निघाला तर "अजून नवाच दिसतोय," असे सांत्वनाच्या सुरात म्हणत. धार संस्थानच्या बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. संस्थान विलीन झाले, खाते विलीन झाले, मामांना पेन्शन मिळाली. पण जोडकामाची त्यांची खोड कशातही विलीन होईना. घरामागच्या पडवीत त्यांनी एक कानस, एक शेगडा, तीन पकडी आणि अपार आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर आपला 'कारखाना' थाटला.

त्या कारखान्याचे दैवत म्हणजे पत्र्याचे दोन डबे. मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाने ते आणून दिले होते. मोठ्या डब्यात मधासारखी दाट राळ, लहान डब्यात उग्र वासाचे पातळ द्रव्य. निरनिराळी असेपर्यंत दोन्ही निरुपद्रवी. एकत्र आली की थोड्या वेळात दगड. मग काच जोडा, चिनी माती जोडा, लोखंड जोडा, सुटणे नाही. राळेला मामांनी 'लेक' आणि पातळ द्रव्याला 'जावई' अशी नावे दिली होती. "दहा पळ्या लेक, एक पळी जावई," ते सांगत. "जावई येतो एवढासा, पण सगळं घर ताठ करून सोडतो." हे वाक्य ते माझ्याकडे न पाहता उच्चारत, यातच त्यांची सभ्यता होती.

या दोघांची ठेवण सोवळ्याओवळ्याहून कडक होती. डबे एका फळीवर, पण मध्ये लाकडाचा उभा तक्ता, त्याचे नाव अंतरपाट. डब्यांतून रोजच्या वापरापुरते द्रव्य झाकणाच्या दोन पितळी वाट्यांत काढलेले असे. लेकीच्या डब्याला, वाटीला आणि पळीला हळदीचे बोट. जावयाच्या डब्याला, वाटीला आणि पळीला कुंकवाचे. मिश्रण किती वेळ घोटायचे यासाठी घड्याळ नव्हते. मामा घोटताना मंगलाष्टके म्हणत आणि 'सावधान' झाले की हात थांबवत. गल्लीत नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ ते सूर ऐकून टोपी घालून, नारळ घेऊन दारात उभे राहिले. मामांनी त्यांना आत नेऊन जोडलेली बरणी दाखवली आणि नारळ ठेवून घेतला. "लग्न लागलंच आहे," म्हणाले, "आहेर परत कशाला?"

विरजण बिघडले तर असावे म्हणून बायका थोडे शेजारी ठेवतात. मामांनी तोच न्याय लावून लेक आणि जावई यांच्या दोन बाटल्या देवासला आमच्या घरी ठेवल्या होत्या, एक माजघरात, एक ओसरीवर. मी हसलो होतो. पुढे जे झाले त्यात पहिला दोष माझ्या त्या हसण्याचा, असे मला वाटते.

त्या वर्षी नवरात्रात आम्ही उभयता धारला होतो. गल्लीच्या विहिरीवरच्या हातपंपाचे बिडाचे अंग चिरले होते. नवा पंप मिळण्याची आशा नव्हती, आणि बायका पुन्हा दोर ओढू लागल्या होत्या. मामांनी ते धूड पडवीत आणवले, कानशीने घासून स्वच्छ केले, उन्हात वाळवले आणि दसऱ्यापर्यंत पाणी देण्याचा शब्द दिला. समोरची माळवी शेजारीण, जिला सारी गल्ली भाभी म्हणे, पदर सावरीत म्हणाली, "काकाजी, लोखंड कंई गोंद से जुड़े? तम तो लगन लगाने वाला पंडित हो, लोहार नी हो!"

"भाभी, पहला घडा तुमच भरोगी," मामा म्हणाले. मामांचे हिंदी त्यांच्या जोडकामासारखेच असे. सांधा दिसे, पण सुटत नसे.

खांडेनवमीला सकाळी हत्यारांची पूजा. मामा स्नानाला गेले होते. मी उत्साहाने फळी आवरायला घेतली. पितळी वाट्या पूजेसाठी चिंचेने घासाव्यात म्हणून त्या रिकाम्या करायचे ठरवले. तत्पूर्वी सगळे पुसून काढले, आणि भक्तीच्या भरात प्रत्येक डब्याला, प्रत्येक वाटीला हळदही लावली आणि कुंकूही. मग वाट्यांतले द्रव्य अंदाजाने डब्यांत परत ओतले. कोणते कोणत्यात, हे विचारण्यासाठी माणूस घरात होता. मी विचारले नाही.

मामा सोवळे नेसून आले, अक्षता वाहिल्या आणि मोठ्या डब्याला हात लावून दचकले. डबा तापला होता. झाकणातून धुराची रेघ निघाली.

"अंगात ताप आलाय त्याच्या," मामी म्हणाल्या. "काढा करू का?"

मामा हसले नाहीत. त्यांनी काडी घालून पाहिली. दुपारपर्यंत लेकीच्या डब्यात दगड झाला, जावयाच्या डब्यात चिवट गोळे. "काल वाट्या भरताना माझ्याच हातून पळ्यांची अदलाबदल झाली असणार," ते हळू म्हणाले. "मीच चुकलो. डोळे गेले, लक्षही गेलं. उद्या परवा एखाद्याच्या हाताला इजा करीन. कबाड्याला बोलवा. कारखाना बंद."

मी तिथेच उभा होतो. शाळेत मुलांना खरे बोलण्याविषयी मी बावीस वर्षे सांगत आलो आहे. माझ्या चुकीपायी एक वृद्ध माणूस आपल्या बुद्धीवर पाणी सोडीत होता, आणि मी नैवेद्याचे पान वाढून घेतले.

दसऱ्याच्या पहाटेच्या मोटारीने मी देवास गाठले. दोन्ही बाटल्या कोटाच्या दोन निरनिराळ्या खिशांत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धारला परतलो. दारात कबाडी तराजू घेऊन बसला होता. पकडी पोत्यात गेल्या होत्या. "ये डब्बा तो पत्थर हे भिया," तो म्हणत होता, "इसका मैं क्या करूँ?"

मी बाटल्या पायरीवर ठेवल्या, मध्ये माझी टोपी ठेवली आणि म्हणालो, "मामा, आपण चुकला नाहीत. खुणा मी पुसल्या. ओतले मी. गप्प बसलो तोही मीच."

मामा असे उठले की त्यांच्या मांडीवरची कानस कबाड्याच्या पायावर पडली. "अहो, ऐकलंत का!" ते स्वयंपाकघराकडे पाहून ओरडले. "माझी अक्कल शाबूत आहे! गाढव मी नाही, आपला जावई आहे!" आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. इतका सन्मान मला आयुष्यात दुसऱ्या कशाने मिळालेला नाही.

त्या दुपारी मंगलाष्टके अशी दणाणली की अर्धी गल्ली अंगणात जमली. भेगेवर मिश्रणात भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळली. अंतरपाट मी धरला होता. दुसरा सगळा दिवस पंप उन्हात पडून राहिला, मामा छत्री घेऊन शेजारी बसले. छत्री त्यांच्यासाठी, ऊन पंपासाठी. तिसऱ्या सकाळी पंप विहिरीवर चढला. भाभीने दांडा मारला, एकदा, दोनदा. पंपाने घसा खाकरला आणि पाण्याची जाड धार घड्यात कोसळली. पट्टीतून थेंबही पाझरला नाही. "जुड़ग्यो रे, काकाजी, जुड़ग्यो!" भाभी ओरडली, आणि पहिल्या घड्याचे पाणी तिने मामांच्या पायांवर ओतले. मामा ओल्या धोतराने सबंध गल्ली फिरले. विजयी सेनापतीचे निशाण कोरडेच असावे असे थोडेच आहे?

पुढे मुंबईहून नवे डबे आले. त्यांतले पहिले विरजण मामांनी देवासलाच पाठवले. सोबत चिठ्ठी होती: "सांभाळणारा तोच राहू द्यावा."

मामा जाऊन आता दीड वर्ष झाले. पंप अजून पाणी देतो, असे मामी कळवतात. दगड झालेला तो डबा मी मागून आणला आहे. खांडेनवमीला त्याला फक्त हळद लावतो. बाटल्या माजघरात आणि ओसरीवर आपापल्या जागी आहेत. अधूनमधून आमच्याकडे कप फुटतो. तो जोडण्याचे धैर्य मला होत नाही, आणि तुकडे टाकवतही नाहीत. कुणीतरी दारातून येईल आणि ते पाहून त्याचा चेहरा उजळेल, या सवयीने मी ते फडताळात नीट ठेवून देतो.