लशीच्या पाण्यातली भुकटी

मावशीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तिने राग गिळला तो एकदाच, आणि त्यात तिची पिल्लं गेली.

मावशी कोंबडीची पिल्लं वाढवते. तिचा जावई खनिजांची भुकटी विकतो. भुकटी वाईट नाही. रोज खाद्यात चिमूटभर पडली तर पिल्लांची ताकद वाढते, लसही चांगली लागू पडते. पण जावईबापूंना खप वाढवायचा होता! ते सांगत सुटले, "पिल्लांना लस पाजता त्या पाण्यातच टाका, दुप्पट फायदा." त्या पाण्यात भलतंसलतं घालायचं नसतं, हे मावशीला माहीत होतं. पण समोर जावई उभा, शेजारी मुलगी. मान राखायचा म्हणून तिने भुकटी टाकली.

पुढे रोग आला. पिल्लं माना वाकड्या करून पडायला लागली. डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. "लस जिवंत असते, ती भुकटीने भांड्यातच मेली. पिल्लांच्या पोटात नुसतं पाणी गेलं."

"झालं ते झालं," जावई म्हणाला. "बाहेर बोलू नका आई, माझा धंदा बसेल."

गल्लीच्या टोकाला कंडक्टरकाकांची पिल्लं अजून धडधाकट होती. त्यांनीही तसंच पाणी पाजलं होतं. मावशी उठली.

मुलीने हात धरला. "निदान आत जाऊन हळू सांग गं."

"आत कशी जाऊ? माझ्या पायांना रोग चिकटलाय. तो काय त्यांच्या दारात नेऊन सोडू?"

मग ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली आणि ओरडली. "कंडक्टरकाका! भुकटी घातलेली लस वाया गेलीय! साध्या पाण्यातून पुन्हा पाजा! माझ्या जावयाने चुकीचं सांगितलं, आणि मी अक्कल गहाण टाकून ऐकलं!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. जावयाने त्याच पावली बायकोला घरी नेलं. आपल्या चुकीची लाज नाही, बोभाट्याची मात्र लाज! मला त्याचा अजून संताप येतो.

काकांची पिल्लं वाचली. माझी मावसबहीण मात्र आता आईकडे आली की फाटकाबाहेरूनच दोन शब्द बोलते आणि जाते. परवा मावशी रिकाम्या शेडच्या दारातून तिच्यावर खेकसली.

"रोग कधीच गेलाय गं. आत ये."