लाडू आणि काटलू निर्दोष

समस्त नातेवाईक आणि मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीस कळवण्यात येते की, माझ्या नातवाच्या उलट्यांच्या खटल्यातून माझे अळिवाचे लाडू आणि शेजारच्या जयाबेनचं काटलू यांची सन्मानाने सुटका झाली आहे. निकाल सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लागला: पायलोरिक स्टेनोसिस. म्हणजे जठरातून आतड्यात जायच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होतो, वाट अरुंद होते. दूध पुढे सरकत नाही, मागे फिरतं.

खटला मीच भरला होता. लेक मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ तीनेक आठवड्यांचं झालं आणि ओकायला लागलं. माझ्या मते दोष काटलूचा. डिंक-सुंठीच्या त्या वड्या जयाबेन बाळंतिणीसाठी डबा भरून देत. जयाबेन म्हणाल्या, "अरे बेन, तुमचे लाडू भारे पडे छे, पचायला जड." शेवटी दोन्ही बंद झालं आणि मुक्ताच्या ताटात उरला मऊ भात नि तूप. तरी बाळ ओकतच होतं. मग मी मुक्तालाच विचारलं, "कोपऱ्यावरची सेवउसळ चोरून खाल्लीस का गं?" ती भातावरून उठून गेली.

मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी हातवारे करून सांगे की दूध पार कपाटापर्यंत उडतं. ओकल्यावर बाळ लगेच पुन्हा दूध मागे, तर मी म्हणे, भूक बघा पठ्ठ्याची. पिताना पोटावरून लाट सरके, तीही कौतुकाने दाखवी. आणि डॉक्टरांना फोनवर? "थोडं ओकतंय," एवढंच. खरं सांगितलं तर आधी लाडवांची चौकशी होईल, ही भीती. हे लिहितानाही मान खाली जाते.

लंगोट कोरडे राहायला लागले, मांड्यांची कातडी सैल पडली. त्या सकाळी मुक्ताने मला न विचारता रिक्षा बोलावली. मी मागून धावत जाऊन बसले.

सयाजीगंजातल्या डॉक्टरांनी बाळाला समोरच पाजायला सांगितलं आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. लाट आली, मग जोराची उलटी. बोटांना बोराएवढी गाठ लागली. "कधीपासून उडतंय असं?" त्यांनी विचारलं. मुक्ताने फक्त माझ्याकडे बघितलं.

रक्तातले क्षार घटले होते, म्हणून आधी सलाइन आणि मग ऑपरेशन. या थांबण्याने घाबरू नका, ते बाळाच्याच भल्याचं असतं. पायलोरोमायोटॉमी म्हणजे त्या जाड स्नायूला छेद देऊन वाट मोकळी करणं. जयाबेन बाहेर बाकावर माझा हात धरून बसल्या होत्या. दोघींनीही खाण्याचं नाव काढलं नाही.

तुमच्याकडे बाळ असं जोराने ओकत असेल, ओकून पुन्हा भुकेजत असेल, लंगोट कमी भिजत असतील, तर फोनवर भागवू नका. त्याला घेऊन जा. उलटी हिरवी असेल तर क्षणभरही थांबू नका. आणि कपाटाची गोष्ट पाहुण्यांना नाही, डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशननंतर थोडं थोडं दूध सुरू झालं. एक-दोनदा ओकलं, ते चालतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग एकदा पोटभर प्यायलं आणि आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. काही आलं नाही. बाळ झोपलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आईच्या खाण्याशी याचा काही संबंध नव्हता."

अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मुक्ता म्हणाली, "म्हणजे मला सेवउसळ चालली असती?"