बाजूच्या सीटवरचा मार

पहिला फटका डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या हाडावर बसला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायचं होतं, मी पहिला टाकला, गाडी खर्रर्र करून ओरडली आणि बाबांनी हातातलं चष्म्याचं घर माझ्या हातावर आपटलं. पत्र्याचं होतं ते, वरचं रेक्झिन कधीच निघून गेलेलं, कडा उघड्या पडलेल्या. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. "दात पाडतं काय तिचे?" बाबा ओरडले. तिचे म्हणजे गाडीचे. माझ्या बोटाचं काय झालं ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. खराडीच्या ऑफिसात अकरा माणसं माझ्या हाताखाली काम करायची आणि मी चढ्या आवाजात बोलले की गप्प बसायची. मीटिंगमध्ये मी डावा हात टेबलाखाली ठेवायचे. कोणी विचारलंच तर दारात सापडला म्हणायचे. आमच्याकडे असलं काही कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, तेवढं एक बरं.

बाबा विशीत यवतमाळहून पुण्यात आले आणि तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. बोलणं मात्र तिकडचंच राहिलं. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, हातानं गिअर टाकायची, साधी. तिला ते रोज पुसायचे. मग साखरेनं डोळे गेले. पार गेले नाहीत, पण समोर माणूस उभा आहे एवढंच दिसायचं, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टरांनी स्टीअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. आई पाच वर्षांपूर्वी गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी ऑफिसातून यायचे तेव्हा सकाळचा डबा तसाच असायचा.

एक दिवस खुर्चीतूनच म्हणाले, "दिवाळीपर्यंत तू ही गाडी एकटीनं हापिसात नेऊन घरी वापस आणली नाई, तर विकून टाकतो. उभी गाडी मले पाहवत नाई."

गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून परत उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. कारण बाजूच्या सीटवर बसून मला शिव्या घालताना त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा लागायचा. पाठ ताठ व्हायची. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचे. म्हणून मी मार खात होते. नाहीतर माझ्यावर हात उचलणाऱ्याचा हात मी पिरगळून ठेवला असता, मग तो बाप असला तरी.

तसं माझ्याकडे लायसन्स होतं. एकवीस दिवसांचा क्लास केला होता मी, क्लासच्याच गाडीवर टेस्टही दिली होती. तिथले सर रोज म्हणायचे, "छान चालवता मॅडम!" मला खरंच वाटायला लागलं होतं की गाडी आपल्या रक्तात आहे. बाबांच्या गाडीत बसले आणि पार्किंगमधून बाहेर काढतानाच ती चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा भिंतीवर गेली. तेव्हा कळलं की क्लासच्या गाडीला सरांच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता आणि एकवीस दिवस गाडी तेच चालवत होते. मी नुसती स्टीअरिंग धरून बसले होते. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "जो छान म्हणते ना पोट्टे, तो तुह्या पायाखालून गाडी चालवून राह्यला असते. ध्यानात ठेव."

मग सुरू झाली आमची शिकवणी. सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डातल्या भुसार बाजाराचे रुंद रस्ते रिकामे असायचे, तिथं. क्लच लवकर सोडला, फटका. गिअर खरखरला, फटका. गाडी बंद पडली, दोन फटके. डोळ्यांनी दिसत नसलं तरी कानांनी त्यांना सगळं दिसायचं, इंजिनाचा सूर जरा कुठं बिघडला की पत्र्याचं घर हवेत. लहानपणी पाढ्यांसाठी याच हातांचा मार खाल्ला होता मी. पण तेव्हा मी सात वर्षांची होते.

आणि मीही काही गरीब गाय नाही. तिसऱ्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या हातातून ते घर हिसकावलं आणि डॅशबोर्डवर आपटलं, आपटलं, आपटलं. प्लॅस्टिकला तडा गेला. "पुन्हा मारलंत तर ही गाडी मी भिंतीवर घालीन!" मी किंचाळले. "घाल ना," बाबा म्हणाले. "पण क्लच दाबून घाल." मला इतका संताप आला की मी गाडी तिथंच सोडून चालत निघाले. दोनशे पावलांवर आठवलं की म्हाताऱ्याला रस्ता दिसत नाही. दात-ओठ खात परत आले. ते माझ्या रिकाम्या सीटकडे तोंड करून शांत बसले होते, मी कुठं जाणार नाही याची खात्री असल्यासारखे. त्या तड्यावर अजून हात लागला की मला त्या दिवसाचा राग येतो.

महिन्याभरात सपाटीवर मी ठीक चालवायला लागले. अडायचं ते चढावर. आम्ही बिबवेवाडीत, अप्पर नावाच्या वस्तीकडे जाणाऱ्या चढावर राहतो. कुठूनही आलात तरी घरी यायचं तर चढ चुकत नाही, आणि संध्याकाळी तिथं गाडी दहा वेळा थांबवावी लागते. चढावर थांबलेली गाडी पुढं काढायची म्हणजे क्लच अर्धाच सोडायचा, इंजिनाचा आवाज बसला की पाय तिथंच धरायचा, मग ब्रेक सोडायचा. "आवाज बसला की तिनं तुले धरलं," बाबा म्हणायचे. मला तो आवाज ऐकूच यायचा नाही. मागचे हॉर्नच ऐकू यायचे.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता, संध्याकाळचे सहा. पुढं एक पाण्याचा टँकर गल्लीत मागं घेत होते, त्यामुळे सगळा चढ तुंबलेला. माझ्या मागं एक बाईकवाला डिकीला जवळजवळ चिकटून उभा. टँकर हलला. मी क्लच सोडला, जास्तच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. घाबरून मी ब्रेकवरचा पाय काढला, गिअर न्यूट्रलला आणला, आणि गाडी मागं निघाली. "ब्रेक!" बाबांनी माझ्या हातावर मारलं. मी ब्रेक दाबला तोवर मागून धाडकन आवाज आला होता.

बाईक आडवी झाली होती आणि पुढचं चाक माझ्या बंपरखाली. त्या माणसाची नडगी सोलून निघाली होती, पँट फाटून रक्त दिसत होतं. चूक माझी होती, शंभर टक्के माझी. तो लंगडत माझ्या खिडकीशी आला, हात वर केलेला. मला बघितलं आणि हात तसाच थांबला. आजूबाजूला माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, "अहो, बाईमाणूस आहे, हात नको." लायसन्स असूनही बाबांनी मला काचेवर लाल एल चिकटवायला लावला होता, तो वाचून तो माणूस म्हणाला, "रांगता येत नाही आणि चढावर आणलीय. शिकवणारा कोण आहे?"

मी आहे ना इथं, चालवत मी होते, हे म्हणायला तोंड उघडलं तोवर तो बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेला होता. त्यानं बाबांच्या बाजूचं दार उघडलं. बाबा म्हणाले, "माही चूक हाये भाऊ. मीच शिकवतो इले." त्यानं कॉलर धरून त्यांना ओढलं. पट्टा लावलेला होता, त्यामुळं बाबा बाहेर येईनात. मग त्यानं तसंच, पट्ट्यात अडकलेल्या माझ्या बापाच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. पुन्हा मारली. बाबांना हात कुठून येतोय ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी भलत्याच बाजूला हात आडवा धरला होता.

मी कधी उतरले, कशी पलीकडे गेले, मला सांगता येणार नाही. बाबांच्या मांडीवरचं ते पत्र्याचं घर उचललं एवढं आठवतं. त्या माणसाच्या तोंडावर मारलं. नाकावर. हाड लागलं ते हाताला कळलं. परत मारलं. तो खाली वाकला तर कानावर मारलं. बायका ओरडत होत्या, कोणी माझी ओढणी धरली, कोणी वेणी. "मार ना मला! माझ्यावर उचल हात! गाडी मी चालवत होते!" मी ओरडत होते आणि तो नाकावर हात धरून नुसता मागं सरकत होता. त्याच्या बोटांमधून रक्त गळत होतं. मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागं चार जणांनी मदत म्हणून त्याची बाईक ओढून काढली. माझ्या गाडीला टेकण होती ती फक्त त्या बाईकची. हँडब्रेक मी लावलाच नव्हता. गाडी मागं सुटली, उघडं दार माझ्या पाठीत बसलं, मी आणि तो माणूस दोघंही रस्त्यावर पडलो. मागं ती चार माणसं, त्यांच्यामागं भाजीची हातगाडी. लोकांचा एकच कल्लोळ. आणि मग करकर करून आवाज आला आणि गाडी थांबली. बाबांनी चाचपून हँडब्रेक ओढला होता. दोन्ही हातांनी धरून बसले होते. ओठ फाटलेला, चष्मा नाही, गालावर बोटं उठलेली.

पोलीस आले नाहीत. चूक माझी, मार त्याचा, मग मार माझा. कोणी कोणाची तक्रार करायची? भाजीवालीनं बाबांना पाणी दिलं. तो माणूस नाकाला रुमाल लावून, बाईक ढकलत लंगडत निघून गेला. चष्म्याच्या घराचं बिजागर तुटलं होतं, झाकण रस्त्यातच राहिलं.

"चल," बाबा म्हणाले. मी बसले. गाडी सुरू केली. क्लच दाबला, पहिला टाकला, हळूहळू सोडत गेले आणि इंजिनाचा आवाज बसला. पहिल्यांदाच तो मला ऐकू आला. पाय तिथंच धरला, ब्रेक सोडला, गाडी तसूभरसुद्धा मागं गेली नाही. घरापर्यंत तीनदा थांबावं लागलं, तीनदा निघाली. मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी एकटीनं गाडी खराडीला नेली. मुंढव्याच्या पुलावर तास गेला, परत येताना चढावर दोनदा थांबले, पण आणली घरी. बाबा गेटशी उभे होते. बॉनेटवर हात फिरवला, "बरं झालं" म्हणाले आणि वर गेले. गाडी विकली नाही. आता मी रोज तीच नेते. शेजाऱ्यांनी पेढेसुद्धा मागितले.

डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी त्यांना महिन्यातून एकदा न्यावं लागतं, तेव्हा ते बाजूला बसतात. बसल्या बसल्या आधी आपल्या बाजूचं दार आतून लॉक करतात. चढावर शेजारी बाईक येऊन थांबली की त्यांचा हात गालाकडे जातो. चष्म्यासाठी त्यांनी आता एक कापडी पिशवी घेतली आहे, मऊ, मखमली. मी नवं घर आणून दिलं होतं, ते कपाटात पडून आहे.

मागच्या वेळी मी मुद्दाम केलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पहिला टाकला. गाडी खर्रर्र करून ओरडली, आख्खा रस्ता वळून बघायला लागला. मी डावा हात गिअरवर तसाच ठेवला. फटका आला नाही. मग आमच्या चढावर, त्याच जागी, मी क्लच सोडला आणि गाडी बंद पाडली. मागं हॉर्न वाजायला लागले. "बाबा," मी म्हणाले, "अहो, बंद पडली. ऐकलंत ना?" मला तो फटका हवा होता. देवाशपथ सांगते, हाडावर हवा होता.

बाबांनी अंदाजानं माझा हात शोधला. त्यावर आपला हात ठेवला, दोनदा थोपटला.

"छान चालवतं तू," ते म्हणाले.