दयानंदची इस्कंदरिया

आखातात राहणाऱ्या माणसाला सुट्टी मिळते ती गावाला जाण्यासाठी. दुसरं काही करायचं असतं हे त्याच्या डोक्यातच येत नाही. मस्कतच्या वादी अदाई वस्तीतला दयानंद याला अपवाद कसा असणार? लिफ्ट दुरुस्त करता करता त्याचे केस पांढरे झाले. रुवीतल्या कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट कितव्या मजल्यावर अडते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण स्वतः तो दर उन्हाळ्यात एकाच ठिकाणी जाऊन उतरायचा, देवगडच्या बाजूला, आपल्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या अंगणात.

आणि तिथे काय सुट्टी व्हायची म्हणता? पहिल्या दिवशी बॅगा उघडून वाटावाटी. कोणाला बाम, कोणाला टँग, कोणाला ते जाडजूड वाघाच्या चित्राचं पांघरूण, जे कोकणातल्या उकाड्यात कोणी कधी अंगावर घेत नाही. मग लग्नं, बारशी, कौलं शाकारणं, भावकीचे तंटे. त्याची बायको वसुंधरा विमानातून उतरायची ती थेट चुलीपुढे बसायची. आलागेला, पै-पाहुणा, मासे तळा, भाकऱ्या थापा. परत येईपर्यंत बाई चेपून गेलेली असायची आणि विश्रांतीला म्हणून मस्कतच्या कामाला लागायची!

या वर्षी ठिणगी टाकली ती लेकीने. सावनी इथल्याच शाळेत शिकलेली, मराठी बोलताना शब्द चाचपडणारी. जेवताना म्हणाली, "बाबा, माझे सगळे फ्रेंड्स व्हेकेशनला जातात. आपण ओन्ली गावाला जातो. ते व्हेकेशन नाही ना होत?"

दयानंद तिला दटावणार, तेवढ्यात वसुंधरा बोलली. "बरोबर बोलतेय ती. मला एकदा, एकदाच, पाहुणी म्हणून कुठेतरी जायचंय. जिथे भात लावलास का म्हणून कोणी विचारणार नाही. खिडकीतून समुद्र दिसेल आणि चहा कोणीतरी आयता आणून देईल."

"समुद्र इथे मत्रहच्या बंदरावर आहे की. गावाला तर मागल्या दारीच आहे."

"आहे ना! पण मी तिथे बसले आहे असं तुम्ही कधी पाहिलंत?"

दयानंदने आठवून पाहिलं. खरंच पाहिलं नव्हतं.

ठिकाण कोणतं, हा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. कंपनीतला इंजिनियर मुआज हा इजिप्तच्या अलेक्झांड्रियाचा. तो त्या शहराला इस्कंदरिया म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा आंब्याची फोड तोंडात टाकल्यासारखा व्हायचा. समुद्रात घुसलेला जुना किल्ला, पूर्वी तिथेच जगप्रसिद्ध दीपस्तंभ होता म्हणे, मैलोगणती किनाऱ्याचा रस्ता, संध्याकाळी उसाचा रस, निखाऱ्यावर भाजलेला मासा. "यल्ला दया, एकदा येच!" हे तो वर्षानुवर्षं म्हणत होता. या वेळी दयानंद म्हणाला, "येतो."

मग काय विचारता! माणूस पिसाळलाच. रोज रात्री जेवणं झाली की मोबाईलवर किल्ल्याचे व्हिडिओ. खोली तिसऱ्या मजल्यावर हवी, समुद्राकडे गॅलरी हवी, आणि लिफ्ट जुनी आहे का नवी तेही विचारून घेतलं. सावनीने हसून हसून पोट धरलं. व्हिसा आले, तिकिटं झाली. वसुंधराने निळ्या रंगाची एक टोपी आणली आणि आरशासमोर घालून पाहिली. लग्नानंतर तिने स्वतःसाठी अशी बिनकामाची वस्तू पहिल्यांदाच आणली होती.

एकच गोष्ट राहिली होती. आक्काला सांगायची.

आई गेली तेव्हा दयानंद लहान होता. आक्काने त्याला वाढवलं, कडेवर घेऊन शाळेत पोचवलं. नवरा गेल्यावर ती माहेरच्या घरात एकटी राहिली, आणि दर वर्षी एप्रिल लागला की हा येणार म्हणून पापड लाटायला बसायची. तिला 'येत नाही' कसं म्हणायचं? दर शुक्रवारी तो फोन घेऊन गॅलरीत जायचा, छाती काढून. आतून वसुंधरा कान लावून असायची. दहा मिनिटांनी हा मान खाली घालून परत.

"सांगितलंत?"

"इन्शाल्ला म्हटलं."

हा शब्द म्हणजे आखाताने माणसाला दिलेली मोठी सोय. हो पण नाही आणि नाही पण नाही.

निघायला थोडे दिवस उरले असताना वसुंधरा पलंगाखाली केर काढायला वाकली. झाडू कशाला तरी अडला. ओढून पाहते तो अगडबंब बॅग, दोरीने करकचून बांधलेली. तिने दोरी सोडली. टँगचे डबे, बाम, बदाम, टॉर्च, आणि वर घडी घालून दोन वाघ.

"अहो, इकडे या! हे अलेक्झांड्रियात कोणाला देणार? क्लिओपात्राला?"

दयानंद दारात उभा राहिला, चोरासारखा. "दुकानात ऑफर होती. दर वर्षी घेतो ना, हात आपोआप गेला गं."

"हात गेला, आणि बॅग बांधली तीही हातानेच?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "म्हणजे तुम्ही आक्कांना सांगितलेलंच नाही. ऐन वेळी तिकिटं फिरवून गावालाच न्यायचं होतं मला. नाही जमत तर तसं तोंडावर सांगा. पण मला टोपी घालायला लावून वेडं बनवू नका."

ती टोपी कपाटात फेकून स्वयंपाकघरात गेली. दयानंदला वाटलं, आपल्याला कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलंय. वर जाता येत नाही आणि खाली उतरवत नाही. सावनी म्हणाली, "बाबा, जस्ट सांगा ना. आत्या रागावेल, मग थांबेल."

त्याने फोन लावला, स्पीकरवर, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

"आक्का, मी... आम्ही ह्या वर्षी येणार नाही. फिरायला जातोय. दुसरीकडे."

दयानंदने डोळे मिटून घेतले.

"खरां सांगतंस?" आक्का म्हणाली. आणि मग जी ओरडली, ती शेजारघरी ऐकू गेली असणार. "गो मंगल! दया येवचो नाय! माझा नाव घाल गो ट्रिपीत!"

"कसली ट्रिप?"

"अरे मेल्या, आदी सांगाक काय झाला हुता तुका? वाडीतल्यो बायो दर वर्षी पावसाच्या आदी गोकर्णाक जातत. माका विचारून थकल्यो. तुमी येतल्यात नि दाराक कुलूप दिसतला, म्हणान मी कधी हललंय नाय."

"पण आक्का, तुला तर आम्ही यायला हवे असतो..."

"होये रे बाबा, होये. पण थंय म्हणे खोलीतसून समुद्र दिसता. हयसर मागल्या दारी आसा, पण बसान बघूक कधी गावलो? तुमी इल्यात काय मी आणि वसू, दोघीय चुलीकडे. एकदा कोणीतरी आयती चाय आणून दिवची, नि मी बसान पियाची. वसूक सांग, रागावू नको म्हणान."

स्वयंपाकघरातून वसुंधरा बाहेर आली. डोळ्यांतलं पाणी पुसायचं की हसायचं हे तिला ठरवता येईना, तेव्हा तिने दोन्ही केलं. नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेत म्हणाली, "आक्का, जा तुम्ही. मजेत जा. आणि टोपी घ्या एक, ऊन लागतं."

"घेतंय गो. आणि ती पांघरुणां घेतली असतीत तर कोणाच्या तरी हातीन पाठवन दी हां!"

फोन बंद झाला. दयानंद सोफ्यावर बसला, जरा खट्टूच. इतके महिने घशात अडकलेला घास, आणि त्या माऊलीने रडायचं नावसुद्धा काढलं नाही! आपण दर वर्षी ज्यांना आनंद द्यायला जात होतो, त्या दोन्ही बायका आपल्यासाठी दारात अडकून पडल्या होत्या. इतकी वर्षं अडकलेल्यांना सोडवायचंच काम केलं, आणि घरातलं कधी कळलं नाही. त्याचं त्यालाच हसू आलं.

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट झाला. वसुंधरा गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, समोर वादी अदाईचे काळे डोंगर, डोक्यावर निळी टोपी. दयानंदने कप तिच्या हातात दिला.

तिने पाय वर घेतले, एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर विसरलात."

"आणतो," म्हणून तो परत आत गेला. ती जागची उठली नाही.